हतनूरच्या काठावर थंडी किती पडणार? हिवाळ्याचा अंदाज वाचायचा कसा

दिवाळीचे फटाके संपले की जळगाव जिल्ह्यात हतनूर धरणाच्या आसपास, रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात बोलायला विषय एकच उरतो: थंडी कधी लागणार आणि किती पडणार. गहू पेरणाऱ्याला ती हवी असते, केळीवाल्याला नको असते. बऱ्याच घरांत दोन्ही पिकं असतात, त्यामुळे एकच माणूस सकाळी थंडी पडू दे म्हणतो आणि संध्याकाळी नको म्हणतो. याच सुमारास, नोव्हेंबर संपता संपता, भारतीय हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी मथळे येतात, ‘यंदा कडाक्याची थंडी’ नाहीतर ‘यंदा थंडी गायब’. मूळ अंदाजात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

मूळ अंदाज म्हणजे रंगवलेला नकाशा, आणि ते रंग अंशांचे नसून शक्यतेचे असतात. १९९१ ते २०२० या तीस वर्षांचे हिवाळे घ्यायचे, थंडापासून उबदारापर्यंत ओळीने लावायचे आणि त्यांचे तीन सारखे गट करायचे. कसलीच माहिती हाताशी नसेल तर येणारा हिवाळा कुठल्याही गटात पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ३३ टक्के. समुद्राचं तापमान, वाऱ्यांची स्थिती वगैरे संगणकात घालून विभाग एवढंच सांगतो की यंदा पारडं कुठल्या गटाकडे झुकलंय. समजा जळगाव जिल्ह्यावर ‘किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त, शक्यता ५५ टक्के’ असा रंग आला. याचा अर्थ तसं न होण्याची शक्यता ४५ टक्के उरली. एवढ्या भरवशावर कोणी केळीवरचं आच्छादन विकत घ्यायचं टाळत असेल तर तो जुगार झाला.

त्याहून मोठी गफलत सरासरीत आहे. तीन महिन्यांत ९० रात्री. त्यांतल्या ८० रात्री नेहमीपेक्षा दीड अंशाने उबदार गेल्या आणि १० रात्री पाच अंशांनी थंड गेल्या, असं धरा. बेरीज-वजाबाकी केली की हंगामाची सरासरी पाऊण अंशाने उबदार निघते. विभागाचा अंदाज तंतोतंत बरोबर ठरला, आणि त्याच दहा रात्रींत निसवणीला आलेली, म्हणजे घड बाहेर पडू लागलेली, केळीची बाग अडकली. केळीला सरासरी कळत नाही, तिला त्या दहा रात्रीच कळतात. म्हणून हंगामाचा अंदाज वाचावा, पण त्या दहा रात्री कशा तयार होतात हे समजून घेणं जास्त कामाचं आहे.

मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला परतायला लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून निघून जातो. खानदेशातून त्याची पाठवणी बहुतेक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. पाऊस थांबला म्हणजे मान्सून गेला, असं मात्र विभाग म्हणत नाही. परतीची सुरुवात जाहीर करायला पश्चिम राजस्थानात सलग पाच दिवस पाऊस नसावा लागतो, हवेतला ओलावा बराच उतरावा लागतो आणि खालच्या थरात हवा वरून खाली बसणारी, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारी व्हावी लागते. ही खाली बसणारी हवा पुढच्या सगळ्या गोष्टीची नायिका आहे. ती ढग तयार होऊ देत नाही. आधी ऑक्टोबर हीट येते, कारण आकाश निरभ्र, ऊन कडक आणि जमिनीत अजून ओल शिल्लक. मग दिवस लहान होतात, वारा पश्चिमेऐवजी उत्तर-ईशान्येकडून यायला लागतो, ओल सुकते, आणि नोव्हेंबरात जळगावला दुपारी ३१-३२ अंश आणि पहाटे १५ च्या आसपास असा खेळ सुरू होतो. एका दिवसात सोळा-सतरा अंशांचा फरक! कोकणातल्या माणसाला हे सांगून पटत नाही.

हा फरक येतो कुठून? जमीन दिवसा तापते आणि दिवस-रात्र आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते. ही उष्णता डोळ्यांना दिसत नाही, पण भुसावळच्या उन्हाळ्यात रात्री नऊ वाजता भिंतीजवळ उभं राहिलं की अंगाला कळते. हवेत ओलावा आणि वर ढग असेल तर ते ही उष्णता शोषून त्यातली बरीच परत खाली पाठवतात. आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असली की ती सरळ निघून जाते. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत नुसता खर्च चालू, जमा काही नाही. रात्र जितकी मोठी तितका खर्च जास्त. म्हणून सगळ्यात थंड वेळ मध्यरात्रीची नसते. ती सूर्य उगवायच्या जरा आधीची किंवा अगदी उगवतानाची असते.

वाऱ्याचं काम यात दुहेरी आहे. उत्तरेचा वारा राजस्थान-मध्य प्रदेशावरची थंड, कोरडी हवा घेऊन येतो, म्हणजे थंडीचा माल तो पुरवतो. पण तो रात्रभर वाहत राहिला तर वरची जरा उबदार हवा खाली मिसळत राहते आणि पारा फार घसरत नाही. खरी मारक रात्र येते ती वारा पडल्यावर. दोन दिवस उत्तरेचं वारं सुटलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पान हलेनासं झालं आणि आकाशात तारे लख्ख दिसले, की त्या पहाटे पारा सगळ्यात खाली जातो. बोचरं वारं असताना माणूस ‘काय थंडी’ म्हणत कुडकुडतो, पण पिकाला धोका आदल्या नव्हे तर त्या शांत रात्री असतो.

शांत रात्री आणखी एक गोष्ट होते. जमिनीला टेकलेली हवा थंड होते, जड होते आणि पाटाचं पाणी उताराने खालच्या वाफ्यात जमावं तशी खोलगट जागी जाऊन साचते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून तापी, अशी खानदेशाची घडण आहे. म्हणजे सगळा प्रदेशच एक लांबट खोलगट पट्टा. त्यात पुन्हा नाल्याकाठची शेतं, नदीकडची उतरती जमीन, बांध घालून अडवलेले कोपरे. बरड्यावरचं, म्हणजे उंच मुरमाड जमिनीवरचं, शेत आणि नाल्याकाठचं शेत यांत एकाच पहाटे दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. दोन्ही एकाच गावात, एकाच अंदाजाखाली.

सातपुड्यात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. यशवंत तलावाचं तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश या हिशेबाने खालच्या शहाद्यापेक्षा तिथे दिवसा सहा अंशांनी गार वाटतं, हे ठीक. पण अक्कलकुवा तालुक्यात डाब, वालंबा भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हा लोक विचारतात, पारा तर शून्यावर गेला नव्हता, मग बर्फ कसं? उत्तर थर्मामीटरच्या जागेत आहे. हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवतात. गवताची पाती, झोपडीवरचा पेंढा, गाडीचा टप हे आकाशाकडे थेट उघडे असतात आणि शांत रात्री त्या पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज थंड होतात. पेटीत ३ अंश असताना पात्यावर शून्य असू शकतं. केळीचं वरचं कोवळं पानही असंच उघड्यावर असतं. अंदाजातला आकडा पेटीतला असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता पाणी. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात आणि खाली हतनूरचं ४१ दरवाजांचं धरण ते पाणी अडवतं. पावसाळा संपल्यावर तो जलाशय भरलेला असतो. नोव्हेंबरात स्थलांतरित बदकं उतरायला लागतात आणि सकाळी पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. ती वाफ म्हणजे पाणी गरम झाल्याची नाही, हवा गार झाल्याची खूण आहे. पाण्याचं तापमान अजून वीसच्या वर असतं, वरची हवा बारा-तेरा. उबदार पाण्यावरून उठलेला ओलावा थंड हवेत शिरताच धुकं होतो.

पाणी एवढं उबदार राहतं कसं? एक तर त्याची उष्णता साठवण्याची ताकद मोठी. एक घनमीटर पाणी एका अंशाने थंड होताना जी उष्णता सोडतं, तिच्यावर तीन हजार घनमीटरांहून जास्त हवा एका अंशाने गरम होऊ शकते. दुसरं असं की पृष्ठभागाचं पाणी थंड झालं की जड होऊन खाली जातं आणि खालचं उबदार पाणी वर येतं. कोरड्या मातीला हे जमत नाही. तिचा फक्त वरचा पातळ थर झपाट्याने थंड होतो आणि खालची ऊब वर यायला वेळ लागतो. म्हणून जलाशयालगतच्या शेतात पहाटेचा पारा आतल्या गावांपेक्षा जरा वर राहतो.

पण इथे हुरळून जाऊ नये. हतनूर गाळाने बराच उथळ झालेला जलाशय आहे आणि उथळ पाणी लवकर थंड होतं. नोव्हेंबरात त्याचा जेवढा आधार असतो तेवढा जानेवारीत नसतो. शिवाय ही ऊब काठापासून काही शेकडा मीटरच जाते, तीही वाऱ्याच्या खालच्या बाजूला. उत्तर-ईशान्येचा मंद वारा असेल तर दक्षिण आणि नैऋत्य काठाला फायदा, उत्तरेच्या काठाला जवळपास नाही. ‘आमचं शेत धरणाकाठी आहे, आम्हाला थंडीचं भय नाही’ असं म्हणणाऱ्याने आपलं शेत कुठल्या काठाला आहे ते आधी बघावं.

खूप मोठ्या पाण्याचा पसारा काय करू शकतो हे बघायचं तर उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांकडे बघावं लागतं. खानदेशातली पुष्कळ पोरं तिकडे नोकरीला आहेत, त्यांच्या आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर हे दिसतंच. इरी सरोवराची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर. नोव्हेंबरात कॅनडाकडची गोठवणारी हवा त्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून लांबवर वाहते, वाटेत ऊब आणि ओलावा उचलते, उंच चढते आणि पूर्वेच्या टोकाला बफेलो शहरावर बर्फ ओतते. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत काही दिवसांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडलं, आणि तिथून थोड्या मैलांवर जेमतेम काही इंच. तिकडचे हवामानतज्ज्ञ ठोकताळा असा लावतात की सरोवराचं पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत १३ अंशांचा तरी फरक हवा. आपल्याकडे हे का होत नाही? आपली हवा तेवढी थंड नसते, हतनूरचा पसारा काही किलोमीटरचा आहे, आणि वरून ती खाली बसणारी कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. उठलेला ओलावा धुक्यापलीकडे जात नाही.

मग नोव्हेंबर-डिसेंबरात मधूनच पाऊस येतो तो कुठला? दोन वाटा आहेत. पहिली अरबी समुद्राची. तिथे चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, मान्सूनच्या आधी एक आणि मान्सूननंतर एक. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ आलं. दोन्ही महाराष्ट्रावर आली नाहीत, पण त्या हंगामात कापूस, मका, ज्वारी शेतात भिजली ती आठवण अजून ताजी आहे. वादळ सुरतेच्या दिशेने वळलं की तापीचं खोरं पश्चिमेला उघडंच असल्यामुळे ओलावा आत यायला काही अडवत नाही.

दुसरी वाट पश्चिमी विक्षोभाची. भूमध्य समुद्राकडून वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर थंड हवेचे भोवरे इराण-अफगाणिस्तानवरून हिमालयाकडे येतात. तिकडे ते बर्फ देतात, पंजाबात गव्हाला पाऊस देतात. एखादा भोवरा बराच दक्षिणेपर्यंत खोल पसरला आणि त्याच वेळी खालच्या थरात अरबी समुद्राचा ओलावा आला, की वर थंड, खाली दमट अशी जोडी जमते आणि गारा पडतात. २६ नोव्हेंबर २०२३ ला हेच झालं. नाशिककडे गारांनी द्राक्षं झोडपली, गुजरातेत वीज पडून वीसहून जास्त माणसं गेली, आपल्याकडेही अवकाळीने हरभरा-कापसाला गाठलं.

अशा दिवसांत सगळ्यात हवालदिल होतं ते नंदुरबार. तिथे ओली लाल मिरची उघड्या माळावर पथारीवर पसरून वाळवतात. एकरच्या एकर जमीन लाल दिसते. ती वाळायला बरेच दिवस कडक ऊन लागतं, आणि अर्धी वाळलेली मिरची एकदा भिजली की काळी पडते, बुरशी धरते. तेवढा माल ताडपत्रीने झाकणंही अवघड. मिरचीवाल्याला डिसेंबर-फेब्रुवारीच्या नकाशाचा काडीचा उपयोग नाही. त्याला पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज हवा, आणि त्यातही ‘हलक्या सरींची शक्यता’ या तीन शब्दांवर त्याचं लक्ष हवं.

विक्षोभाची एक गंमत अशी की तो येताना ढग आणि ऊब आणतो आणि जाताना थंडी सोडून जातो. दोन दिवस आभाळ येतं, रात्री उकाडा वाटतो, हरभऱ्यावर घाटेअळी दिसायला लागते, लोक म्हणतात ‘थंडी गेली’. मग तो पुढे सरकतो, आकाश धुतल्यासारखं होतं आणि मागून उत्तरेचं वारं सुटतं. हवामान विभाग मैदानी भागात ‘थंडीची लाट’ म्हणतो ती किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असेल तेव्हा. म्हणजे सरासरी १२ असेल तर साडेसातपर्यंत उतरावं लागतं. म्हणून डिसेंबरात ढगाळलं की केळीवाल्याने निर्धास्त होऊ नये, उलट ढग जायची तारीख शोधावी. ती साप्ताहिक अंदाजात बऱ्यापैकी बरोबर सापडते.

ला निन्याचं नाव आता पानटपरीवरही ऐकू येतं, तेव्हा त्याबद्दल थोडक्यात. मध्य प्रशांत महासागराच्या ठरलेल्या पट्ट्यातलं पाणी सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त थंड झालं आणि तसंच काही महिने टिकलं तर ला निन्या, तेवढंच गरम झालं तर एल निनो. ला निन्याच्या हिवाळ्यात उत्तर भारतात थंडीचा जोर वाढण्याकडे कल असतो. २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ला निन्याचे होते आणि तिन्ही आपल्याकडे एकसारखे मुळीच गेले नाहीत. खानदेश त्या प्रभावाच्या दक्षिण कडेला आहे. ला निन्या पारडं जरा झुकवते, बस. ‘ला निन्या आली, आता केळी गेली’ म्हणणाऱ्या व्हिडिओंनी दर नोव्हेंबरात उगाच घाबरवायचा धंदा मांडलेला असतो.

तेव्हा कुठल्या कामाला कुठला अंदाज? गव्हाच्या पेरणीची वेळ, दादर (रब्बी ज्वारी) ठेवायची की हरभरा, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावायची केळी) किती लावायची, हे ठरवताना हंगामाचा नकाशा सोबतीला घ्यावा, पण निर्णय त्याच्यावर टाकू नये. दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज त्यापेक्षा उपयोगी. पहिले दोन आठवडे तर चांगलेच. फवारणी, वेचणी, वाळवण यांना पाच दिवसांचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला. मोबाइलमधलं खाजगी ॲप तेराव्या दिवसाचा पारा ‘११’ असा छातीठोक दाखवतं. तो आकडा सोडून द्यावा. त्या ॲपच्या हिशेबात बहुधा काही किलोमीटरचा चौकोन हा एकच ठिपका असतो. विभागाने मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनाचं भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल आणलं, आधीचं बारा किलोमीटरचं होतं. सुधारणा मोठी आहे, पण सहा किलोमीटरमध्येही बरडी, नाला आणि धरणाचा काठ तिन्ही मावतात.

संध्याकाळी सहा वाजता पाहायचा आकडा मात्र एक आहे आणि तो फार कमी लोक पाहतात: दवबिंदू तापमान. विभागाच्या निरीक्षणांत आणि बहुतेक ॲपमध्ये तो मिळतो. हवा थंड होत होत या तापमानाला पोचली की दव पडायला लागतं, आणि वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून पुढची घसरण मंदावते. दवबिंदू तापमान १२ असेल तर शांत, निरभ्र रात्रही फार खाली नेत नाही. तेच ४ असेल तर पाऱ्याला धरायला खाली काहीच नाही. तशा संध्याकाळी बागेला पाणी सोडावं. विहिरीचं पाणी बारमाही पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास असतं, ते स्वतःच ऊब घेऊन येतं. शिवाय ओली माती खालची उष्णता कोरडीपेक्षा चांगली वर आणते. एक-दोन अंशांचा फरक पडतो, आणि केळीला तेवढा बास होतो. बागेभोवतीची शेवरी, घडावरची पिशवी याही कामाच्या. धुराबद्दल माझं मत जरा वेगळं आहे: काडीकचरा पेटवल्याने फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि हवा ढवळल्याचा. निसटणारी उष्णता नुसता धूर फारशी अडवत नाही. एका कोपऱ्यात मोठा धूर करण्यापेक्षा बागेत ठिकठिकाणी लहान शेकोट्या बऱ्या.

फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाची अट गेली काही वर्षं अशी आहे: १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. त्या वर्षीचा शासन निर्णय मात्र बघून घ्यावा. हा पारा तुमच्या बागेतला नसतो, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा असतो. ते केंद्र उंचवट्यावर आणि बाग नाल्याकाठी असेल तर तिकडे ९.५ आणि इकडे ७.५ असं होऊन भरपाई हुकते. यावर शेतकऱ्याच्या हातात फार काही नाही. निदान किमान तापमान धरून ठेवणारा साधा थर्मामीटर बागेत सव्वा मीटर उंचीवर, सावलीत लावावा, आणि काही शांत रात्रींचे आकडे मंडळाच्या केंद्राशी ताडून पाहावेत. फरक दोन अंशांचा निघाला तर अंदाजात १० दिसलं त्याच संध्याकाळी मोटार चालू करायची, ८ ची वाट बघायची नाही. रात्रपाळीचं वीज वेळापत्रक त्या आठवड्यात कुठल्या दिवशी आहे तेही आधीच पाहून ठेवावं, नाहीतर पारा कळूनही पाणी सोडता येत नाही.